नमुना क्रमांक सात

सरकारी छापखान्यात मी एकोणतीस वर्षं मोठ्याने वाचायचा पगार घेतला. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण काम खरंच तेवढंच होतं. समोर थोरले तपासनीस ओलं प्रूफ घेऊन बसायचे आणि मी मूळ कागद हातात धरून शब्दन् शब्द वाचायचो, विरामचिन्हांसकट. स्वल्पविरामाला 'स्वल्प', पूर्णविरामाला 'पूर्ण', अवतरणचिन्ह सुरू झालं की 'उघडा', संपलं की 'मिटा'. थोरले तपासनीस उजव्या कानाने अजिबात आणि डाव्या कानाने निम्मंशिम्मं ऐकायचे, त्यामुळे मला घसा ताणावा लागे. घरी गेलो की बायको म्हणायची, "अहो, हळू बोला, मी बहिरी नाही."

आमच्या खोलीला तीनच भिंती. चौथ्या बाजूला लाकडी पडदी होती आणि पडदीपलीकडे बांधणी खातं. तिथे बारा बायका लांब मेजांवर बसून छापील कागदांच्या घड्या घालायच्या, सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक जुळवायच्या आणि टाके घालून पुस्तक शिवायच्या. भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला चोवीस होते. कालव्यांचा अहवाल, टोळधाडीचा अहवाल, तुरुंगातल्या ढेकणांचा अहवाल, सगळं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं. जनगणनेचे तक्ते सुरू झाले की पलीकडून पडदीवर थाप पडायची, "अहो वाचक, डोळे मिटायला लागले, काहीतरी बरं वाचा की!"

पडदीला अगदी खेटून बसायची ती टाचणबाई. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असणार, पण ते मुकादमाशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. टाका बारीक, घट्ट आणि कधी न उसवणारा, म्हणून टाचणबाई. बायका तर तेवढाही मान ठेवायच्या नाहीत. "अगं टाचणे, सुईत दोरा ओव गं." "अगं टाचणे, तुझी कात्री दे." "अगं सरक की जरा, काय पुतळ्यासारखी बसलीस!" ती दोरा ओवून द्यायची, कात्री द्यायची, सरकायची. बोलणं बेताचंच. डबा खाताना बाकीच्या सासू-नवरा-पोरं असा सगळा संसार मेजावर मांडायच्या आणि ही ऐकायची. स्वतःचं काही सांगायची नाही. पण मधूनच कोणाच्या तरी सासूच्या गोष्टीला ती इतकी खळखळून हसायची की मला अलीकडे ऐकू यायचं. मला वाटायचं, बाई अबोल आहे, एवढंच.

तिच्या खोलीवर मी एकदाच गेलो होतो. ती तापाने चार दिवस आली नव्हती आणि मुकादमाने औषधाची चिठ्ठी माझ्या हाती दिली होती. इस्त्रीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याची खोली. एक खाट, एक खुर्ची, एकच कप. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तीही हातभर अंतरावर. आणि फळीवर ओळीने पुस्तकं, पाठीवर कापड लावलेली, कोपरे तासलेली, चाळीसएक तरी असतील. मी एक उघडलं. कोरं. दुसरं उघडलं, तेही कोरं. छापखान्यातल्या कातरणाच्या कागदांची तिने ती घरी बांधली होती.

"यांत लिहिणार काय?" मी विचारलं.

"काही नाही. रविवार मोठा असतो," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे ती खाटेवर तापात बसून राहिली. दोघांना बसायची सोयच नव्हती त्या घरात. मी लवकर उठलो.

आता समितीकडे येतो. त्या काळी आमच्या वर्तमानपत्रांत एक रकाना असायचा, कोर्टातल्या बातम्यांचा. काडीमोडाचे, व्यभिचाराचे, घराबाहेर काढू नयेत असे खटले तिथे मीठमसाला लावून छापायचे. साक्षीदाराने दाराच्या फटीतून काय पाहिलं, पलंग कुठल्या भिंतीला होता, सगळं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आमच्या गावात शहाणे रोज सकाळी चहाबरोबर ती पायरी चढायचे. माझी आईच घ्या. तिला वाचता यायचं नाही, म्हणून मी शाळेत जायच्या आधी तिला तो रकाना वाचून दाखवायचो. "शी शी, काय मेलं छापतात!" ती म्हणायची. मी थांबलो की म्हणायची, "थांबलास का? पुढे वाच." आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी घरीच शिकलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारला जाग आली. असल्या बातम्यांनी तरुण पिढी बिघडते, असं कोणाच्या तरी लक्षात आलं आणि समिती नेमली गेली. समितीने दीड वर्ष बैठका घेतल्या आणि ठरवलं की खटल्यातल्या मंडळींची नावं, आरोप, कायद्याचा मुद्दा आणि निकाल, एवढंच छापायची मुभा असावी. बाकी सगळं बंद. अहवाल छापायला आमच्याकडे आला. पहिली नव्वद पानं इतकी कंटाळवाणी की पडदीवर दिवसाला चार थापा. आणि मग आलं परिशिष्ट. अश्लील बातमी म्हणजे नेमकं काय, हे सरकारला कळावं म्हणून समितीने जुन्या वर्तमानपत्रांतल्या अकरा बातम्या नमुन्यादाखल जोडल्या होत्या. संपूर्ण. एकही ओळ न गाळता. फक्त नावांच्या जागी फुल्या. घाण नको म्हणून सांगायला टोपलीभर घाण घेऊन दारात यावं, तसला प्रकार.

पण खरं सांगतो, मला तेव्हा राग-बिग काही आला नव्हता. मला मजा आली. वीस वर्षं ढेकूण आणि कालवे वाचलेल्या माणसाच्या हाती हे आलं होतं. मी खुर्चीत सरसावून बसलो, घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिल्या नमुन्यालाच पलीकडची खटखट थांबली. दुसऱ्याला कोणीतरी "हळू गं, ऐकू दे" म्हणाली. मी आवाज काढायला लागलो, वकिलाचा वेगळा, मोलकरणीचा वेगळा. थोरल्या तपासनिसांना फरक कळत नव्हता, ते मान खाली घालून खुणा करत होते.

सातवा नमुना वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीतच मला ओळख पटली. वजनकाट्यांचा एक व्यापारी, त्याची तेवीस वर्षांची बायको आणि दर आठवड्याला घरातल्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला येणारा घड्याळजी. खटला एकवीस वर्षांपूर्वीचा, लांबच्या एका शहरातला. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि हीच बातमी आईला वाचून दाखवली होती. मोलकरणीने साक्ष दिली होती. आणि बायकोने घड्याळजीला लिहिलेलं पत्र नवऱ्याच्या वकिलाने भर कोर्टात वाचलं होतं. 'काल तुम्ही गेल्यावर मी बराच वेळ दिवा मालवला नाही. घरात माणसं आहेत, पण मी कोणाशी बोलत नाही आणि माझ्याशी कोणी बोलत नाही. तुम्ही आलात की माझे पाय गार राहत नाहीत. उद्या आलात तर मागच्या जिन्याने या, पुढचा दरवाजा वाजतो.' बस्स, एवढंच पत्र. वर्तमानपत्राने मथळा दिला होता 'माझे पाय गार राहत नाहीत', आणि महिनाभर सगळ्या गावाला दुसरं बोलणं नव्हतं. आम्ही पोरं शाळेच्या फाटकात एकमेकांच्या पायांकडे बघून ते वाक्य ओरडायचो. बाजारात मोजे विकणाराही तेच ओरडून विकायचा.

समितीने नाव गाळलं होतं, पण मी कशाला गप्प बसतो! जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याच. पत्र आलं तसा मी दिव्याचं आणि घरातल्या माणसांचं भराभर संपवलं, पायांच्या वाक्यापाशी थांबलो आणि ते नाटकातल्या नायिकेसारखं लाडेलाडे म्हटलं. मग पडदीकडे तोंड करून, कागदात नसलेलं, माझ्या पदरचं, ओरडलो, "अहो बायांनो, ही ती गार पायवाली! आठवतेय का?"

पलीकडे हशा उसळला. वयाने मोठ्या होत्या त्यांना खटला आठवत होता. लहान होत्या त्यांना त्यांनी सांगितला, मीठमसाल्यासकट.

त्यानंतर आठवडाभर बांधणी खात्याला तोच विषय. कोणी मेजाखाली पाय पसरले की "काय गं, गार झाले वाटतं?" मग त्या बाईचं पुढे काय झालं असेल यावर चर्चा. सगळ्यांत थोरली बाई, जिचा आवाज माझ्या तोडीस तोड होता, ती म्हणाली, "असल्यांना काय होतंय! असेल कुठेतरी मजेत, चौथा नाहीतर पाचवा घड्याळजी धरून." दुसरी म्हणाली, "मेली असेल गं, लाजेने." मी अलीकडून ऐकून हसत होतो. टाचणबाईचा आवाज त्यात नव्हता, पण तो एरवीही नसायचाच.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरले तपासनीस बाहेर गेले असताना ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. हाताला खळ लागलेली, ती पुसत होती.

"वाचक, एक विचारायचं होतं. तो सातवा नमुना काढून टाकता येतो का?"

मला वाटलं, बाई सोवळी आहे, कानाला त्रास झाला. मी थट्टेने म्हणालो, "का हो? तुमच्या ओळखीची आहे की काय ती?"

"हो," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. तिने आवाज चढवला नाही, डोळे भरून आले नाहीत. जे सांगायचं ते तिने हिशेबी सांगितलं. खटल्यानंतर ती भावाकडे राहायला गेली. खिडकीखाली उभी राहून माणसं ते वाक्य ओरडायची. तीन महिन्यांनी भाऊ म्हणाला, "ताई, तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही, पण घर माझं आहे, मुली माझ्या आहेत." घड्याळजी गाव सोडून गेला, त्याचं पत्र आलं नाही. दुसऱ्या एका शहरात तिने बटणांच्या कारखान्यात काम धरलं. चार वर्षांनी तिथे कोणीतरी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर कोणीतरी एक मोजा ठेवलेला होता. असं अजून एकदा झालं. मग ती आमच्याकडे आली आणि आईकडचं आडनाव लावलं.

"इथे अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "यांना कळलं तर मला जावं लागेल, आणि आता दुसरीकडे कुठे जायची ताकद नाही राहिली. त्या मला काही विचारत नाहीत. नुसतं 'अगं, कात्री दे' म्हणतात. मला तेवढं पुरतं."

मला तेव्हा जी लाज वाटली तशी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मी म्हणालो, "मी बघतो." दुसरं काय म्हणणार होतो?

तपासणाऱ्याला प्रूफच्या कडेला शंका लिहायचा अधिकार असतो. मी थोरल्या तपासनिसांना न सांगता लिहिली: 'परिशिष्ट आवश्यक आहे काय?' तीन दिवसांनी समितीच्या चिटणिसांचं उत्तर आलं: 'आहे.' मग मी अर्धी रजा टाकून स्वतः चिटणिसांना भेटायला गेलो. दीड तास बाकड्यावर बसवल्यावर त्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पेन्सिलींना टोकं करत बोलला.

"नमुने नसतील तर सभागृहातले लोक म्हणतील, समिती राईचा पर्वत करतेय. वाचू देत त्यांना, कळू दे."

"पण साहेब, ज्यांच्यावर ते बेतलं त्या माणसांचं काय?"

"नावं काढली आहेत ना आम्ही. कळणार कोणाला?"

कळणार कोणाला, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? मीच तर सांगून आलो होतो, तेही फुकटात.

"तुमचं कोणी नात्यातलं आहे का त्यात?" त्यांनी विचारलं.

मी 'नाही' म्हणालो. 'हो' म्हटलं असतं तर कदाचित एखादी फुली जास्त मारली असती त्यांनी.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी तिला नळापाशी गाठलं. माझ्या डोक्यात एक युक्ती होती, आमच्या धंद्यातलाच माणूस करू जाणे अशी. तो नमुना अहवालाच्या आठव्या फर्म्यात येत होता. फर्मे जुळवायचं काम तिच्याकडे. आठवा फर्मा जुळवलाच नाही तर? सरकारी अहवाल शेवटपर्यंत वाचतो कोण? बांधलेल्या प्रती उलटून तपासायचं काम माझ्याकडे येतं, मी डोळ्यांवर कातडं ओढून घेईन. हे सगळं मी तिला कुजबुजून सांगितलं.

ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं काही मी तिला चोरी करायला सांगत होतो.

"सोळा पानं कमी असलेलं पुस्तक?"

"हो. कोणाला पत्ता लागणार नाही."

"मला लागेल ना," ती म्हणाली. "माझ्या हातून आजवर एकही अपुरं पुस्तक गेलेलं नाही, वाचक."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हणालो, "बाई, जग बुडायची वेळ आली आणि तुम्ही फर्मे मोजताय! त्या कागदाने तुमचं आयुष्य नासवलं, आणि तोच तुम्ही स्वतःच्या हाताने शिवणार?"

"शिवणार. नीट शिवणार." मग म्हणाली, "तेवढंच एक आहे हो माझ्याकडे, ज्याबद्दल कोणी काही बोलू शकत नाही."

ती हात पुसून आपल्या मेजाकडे गेली.

मग दुसरं प्रूफ आलं. आमच्या थोरल्या तपासनिसांचा एक नियम होता, छापखान्यात दुसरा कोणी तो पाळत नसे. पहिलं प्रूफ सगळं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्यात फक्त दुरुस्त्या बघायच्या. पण दुसऱ्याचे शब्द असतील, म्हणजे अवतरणं, साक्षी, पत्रं, तर ते दुसऱ्या प्रूफातही अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचे. "आपल्या शब्दाला आपण जबाबदार," ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या शब्दाला दुप्पट." परिशिष्ट म्हणजे तर सगळे दुसऱ्याचेच शब्द.

मी म्हणालो, "साहेब, एवढं आपण मनात वाचून घेऊ."

"काय म्हणालात?"

"मनात वाचू!" मी ओरडलो.

"मनात वाचायचा पगार नाही तुम्हाला. चला."

मी वाचायला लागलो. आवाज काढले नाहीत. जनगणनेच्या तक्त्यासारखं सपाट वाचत गेलो. पहिला नमुना, दुसरा, तिसरा. पलीकडे मात्र पुन्हा खटखट थांबली होती, सगळ्या सातव्याची वाट बघत होत्या. सहावा संपताना थोरलीचा आवाज आलाच, "आता येतेय बघ आपली गार पायवाली." दोघी-तिघी हसल्या. सातवा सुरू केला. व्यापारी झाला, घड्याळजी झाला, मोलकरणीची साक्ष झाली. 'प्रतिवादी बाईने लिहिलेले पत्र वकिलांनी वाचून दाखवले ते असे, पूर्ण.' आणि पुढे माझ्याच्याने वाचवेना. मी कागदाकडे बघत बसलो.

"पुढे?" थोरले तपासनीस म्हणाले.

मी खोकल्याचं निमित्त केलं.

"अहो, पुढे काय आहे?"

तेव्हा पडदीपलीकडून आवाज आला. "उघडा."

मला आधी कळलंच नाही की कोण बोलतंय. तो आवाज मी इतका मोठा कधी ऐकलाच नव्हता. थोरल्या तपासनिसांना ऐकू जावं म्हणून तिने तो मुद्दाम चढवला होता, आणि सवय नसल्याने तो मध्येच चिरकत होता.

"काल तुम्ही गेल्यावर मी बराच वेळ दिवा मालवला नाही, पूर्ण. घरात माणसं आहेत, स्वल्प, पण मी कोणाशी बोलत नाही आणि माझ्याशी कोणी बोलत नाही, पूर्ण." ती थांबली. "तुम्ही आलात की माझे पाय गार राहत नाहीत, पूर्ण. उद्या आलात तर मागच्या जिन्याने या, स्वल्प, पुढचा दरवाजा वाजतो, पूर्ण. मिटा."

थोरल्या तपासनिसांनी मान वर केली नव्हती. आवाज कोणाचा, कुठून आला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी पेन्सिलीने शेवटच्या शब्दाखाली खूण केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पुढे."

कागद तर माझ्या हातात होता. तिच्याकडे कुठला कागद होता? हा प्रश्न त्या बाराजणींनाही, म्हणजे उरलेल्या अकराजणींना, पडला असणार आणि त्याचं उत्तरही लगेच मिळालं असणार, कारण पलीकडे कोणी एक शब्द बोललं नाही. मी आठवा नमुना वाचला, नववा वाचला. संध्याकाळपर्यंत बांधणी खात्यातून फक्त घड्या घालायचा आवाज येत होता.

तिने असं का केलं, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही थांबलात तेव्हा मला वाटलं, आता थोरली ते वाक्य म्हणून दाखवणार, तिला पाठ झालं होतं. म्हटलं, त्यापेक्षा मीच म्हणते. एकवीस वर्षांत ते माझ्या तोंडून कोणी ऐकलंच नव्हतं."

अहवाल छापून झाला. तिने तो शिवला, आठव्या फर्म्यासकट, आणि मी एकूण एक प्रत उलटून पाहिली. एकही टाका सैल नव्हता. सरकारी अहवालासाठी दुकानासमोर रांग लागलेली मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली. आवृत्ती चार दिवसांत संपली. वर्तमानपत्रांनी काय करावं? 'समितीचा खळबळजनक अहवाल' म्हणून सगळे नमुने पुन्हा छापले, मथळ्यांसकट. कोर्टातल्या बातमीला बंदी येणार होती, सरकारी अहवालाच्या बातमीला नव्हती. पुढच्या वर्षी कायदा झाला. कोर्टाचा रकाना चार ओळींचा झाला. माझी आई तोवर फार थकली होती. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढंच? मग मेलं छापतात तरी कशाला!"

टाचणबाईला कोणी मोजा आणून ठेवला नाही. हेही सांगितलं पाहिजे, कारण मी स्वतः तशीच काहीतरी वाट बघत होतो. बायका ओशाळल्या होत्या. थोरली तर दोन दिवस कामावरच आली नाही आणि आली ती मान खाली घालून. त्यांनी तिची पडदीजवळची जागा झाडून तिथे उशी ठेवली. डबा खाताना तिला आधी वाढायच्या. तिच्यादेखत कोणी सासू-नवऱ्याचं बोलेना, उगीच तिला लागायला नको म्हणून. त्यामुळे जेवणाची सुट्टी फार शांत जायला लागली. कात्री थोरलीने स्वतःची नवी आणली. "अहो बाई, तुम्ही बसा, मी ओवते दोरा." "अहो, तुम्ही कशाला उठता?" सगळं 'अहो' आणि 'बाई'. पडदीवरची थापही बंद झाली. मी जनगणनेचे तक्ते सबंध दिवस वाचले तरी कोणी हूं की चूं करत नसे.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघं नळापाशी हात धूत होतो.

"त्रास नाही ना काही?" मी विचारलं.

"छे. फार चांगल्या वागतात सगळ्या," ती म्हणाली. "कोणी टोमणा मारला नाही, मला कोणी जायला सांगितलं नाही."

"मग बरंच झालं की."

"हो." तिने नखातली खळ काढली. बराच वेळ काढत होती. "एवढंच झालं, वाचक, की आता मला 'अगं' म्हणणारं कोणी राहिलं नाही."

मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, त्यातून परका पुरुष. मी काय म्हणणार होतो? मी म्हणालो, "होईल सवय."

"हो," ती म्हणाली. "मला सवय लवकर होते." आणि ओल्या हातांनीच जिना उतरून गेली.